उजवीकडे जाणारा चेंडू

गोल्फ हा खेळ मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. केवढासा चेंडू, केवढं मैदान, आणि घालायचा कुठे, तर जिथून मारायचा तिथून दिसतसुद्धा नाही अशा भोकात. कोल्हापूरच्या माणसाला घसा फोडून ओरडता येईल असा खेळ लागतो. कुस्ती घ्या, फुटबॉल घ्या. गोल्फमध्ये कुणी मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी श्वाससुद्धा दबकत घ्यायचा, आणि चेंडू चांगला गेला तर टाळ्या वाजवायच्या, त्याही बेताच्या. माझा नवरा रोज संध्याकाळी काठ्यांची बॅग खांद्याला लावून कुठे जातो हे मी आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. पण गल्लीला न सांगताच जास्त कळतं.

माझा नवरा म्हणजे बाबासो पाटील. चारचौघांत मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना बाबासो म्हणणार. इतक्या वर्षांच्या संसारानं तेवढा हक्क मिळाला असं मी धरून चालते. शिरोलीला त्यांचं मशीन शॉप आहे. इचलकरंजीच्या मागांना लागणारे सुटे भाग तिथे होतात. मापात केसाएवढा फरक पडला तर सगळा माल बाजूला काढतील, पण पुढे जाऊ देणार नाहीत. उंचीनं बेताचे. आमच्या लग्नात माझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "नवरा चांगला हाय, फकस्त पाट दोन घाला."

सम्मेद आमचा एकुलता एक. तो मात्र माझ्या माहेरच्या वळणावर गेला होता, सहा फुटांच्याही वर. इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागला, तिथे कंपनीतल्या लोकांच्या नादानं गोल्फ शिकला, आणि मग वडिलांचं शॉप बघायला परत आला तेव्हा ती काठ्यांची बॅगही घेऊन आला. राधानगरी रस्त्याला उसाच्या फडांना लागून एक लहान मैदान आहे. दर रविवारी हा तिथे. "पप्पा, एकदा चला की," म्हणायचा. बाबासो म्हणायचे, "काठी घिऊन गवतात हिंडायला मी काय गुराखी हाय व्हय?" दोघंही हसायचे. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. आमच्या घरातली ती रविवारची ठरलेली थट्टा होती.

दोन पावसाळ्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सम्मेद गेला. डॉक्टरांनी शर्थ केली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

त्याचे कपडे, बूट, पुस्तकं मी महिन्याच्या आत वाटून टाकली. लोक म्हणाले, काय धीराची बाई. धीर कसला आलाय, मला ते कपाट उघडवत नव्हतं. वस्तू सांभाळून माणूस राहत नाही, असं मी येईल त्याला सांगत होते, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटू लागलं होतं. राहिली ती काठ्यांची बॅग. ती बाबासोंनी आधीच उचलून शॉपमध्ये नेऊन ठेवली होती. मग दिवाळीनंतर एके दिवशी ते ती घेऊन मैदानावर गेले. या वयात, आयुष्यात कधी बॅडमिंटनची रॅकेटसुद्धा हातात न धरलेला माणूस.

सम्मेदच्या मित्रांनी त्याच्या वाढदिवसाला, जानेवारीत, एक छोटी मॅच ठेवायचं ठरवलं होतं. अमरसिंह म्हणून त्याचा जवळचा मित्र, तो घरी येऊन म्हणाला, "काका, पहिला चेंडू तुम्ही मारायचा. सम्मेदच्या काठीनं." बाबासोंनी मान डोलवली. त्या पहिल्या वर्षी त्यांनी मारलेला चेंडू पुढे गेलाच नाही. काठीला लागला आणि काटकोनात वळल्यासारखा उजवीकडे सुसाट जाऊन चहाच्या टेबलावर आदळला. दोन कप फुटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना गाडीत म्हणाले, "बॉल चुकला त्येचं काय न्हाय गं. टाळ्या कशाला वाजवल्या?"

त्या टाळ्या मलाही लागल्या होत्या. पोरं चांगलीच होती, पण मूल गेलेल्या बापाच्या चुकलेल्या चेंडूला टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्या वयात कुणाला कळणार.

"फुडच्या साली त्याच्याच काठीनं सरळ मारणार," बाबासो म्हणाले. "त्याच्या नावाचा बॉल असा वाकडा जायाचा न्हाय."

झालं, वर्षभराचा उद्योग मिळाला. शॉपमधून चारला निघायचं आणि थेट मैदान. आता आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. बाबासोंनी हा नियम लहानपणापासून पाळलेला, आजारपणातही मोडला नाही. मैदानावरून घरी येईपर्यंत अंधार पडणार, म्हणजे उपाशी झोपणार. मग मीच डबा करून रिक्षानं जाऊ लागले. भाकरी, आमटी, एखादी भाजी, ताक. मैदानाच्या कडेला सिमेंटचा बाक होता, तिथे बसून सूर्याकडे बघत बघत जेवायचं. नाहीतर मी कशाला गेले असते तिथे? डब्यामुळे गेले आणि डब्यामुळेच सगळं बघत बसले.

आणि बघायचं काय, तर चेंडू उजवीकडे जाताना. पाच-सहा चांगले जायचे, मग एक असा फटकन उजवीकडे. एक गेला की पुढचे सगळे त्याच वाटेनं. उजव्या बाजूला गुंडू चौगुल्यांचा ऊस. आठवड्यातून एकदा गुंडू वेचलेले चेंडू पोत्यात घालून बांधावर यायचा.

"वैनी, ही घ्या तुमची अंडी," मोठ्यानं म्हणायचा. "जैनाच्या घरातनं एवढी अंडी आमच्या फडात कशी काय येत्यात म्हणायची?"

"तुझ्या उसाला खत आहे ते, राहू दे," मी म्हणायची. बाबासोही हसायचे. वर्षभरात ते हसले असतील तर तेवढंच.

अंतरा ही तिथली कोच. सम्मेदहून वर्ष-दोन वर्षांनी लहान असेल. कोल्हापूरच्या पोरींसारखी 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी. मी हायस्कूलात मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे आधी ते कानाला टोचायचं, मग टोचेनासं झालं. पोर मोठी चिकाटीची. तिनं मला सांगितलं की याला शँक म्हणतात, आणि चांगल्या चांगल्या खेळाडूंना हा रोग लागतो. काठीचं पातं आणि दांडा जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यावर चेंडू बसतो आणि भलतीकडे उडतो. तिनं पात्याला खडूची पूड लावली आणि बाबासोंना एक चेंडू मारायला सांगितला. खूण बरोबर सांध्यावर उमटली होती. बाबासोंनी चष्मा वर करून ती खूण शॉपमधला पार्ट तपासावा तशी तपासली.

मग उपाय सुरू झाले. "काका, वजन चवड्यावर जातंय, टाचेवर ठेवा." ठेवलं. "मूठ आवळू नका, सैल सोडा." सोडली. चेंडूच्या पलीकडे तिनं आणखी एक चेंडू ठेवला. पलीकडच्याला धक्का न लावता अलीकडचा मारायचा. तेही जमलं. काखेत टॉवेल धरायला लावला, तो पडू न देता काठी फिरवायची. बाबासो टॉवेल काखेत धरून उभे राहिले की मला वाटायचं, आता हे आंघोळीला निघाले. मी तसं म्हणालेसुद्धा. अंतरा हसली, बाबासो हसले नाहीत.

प्रत्येक उपायानं दोन दिवस बरं वाटायचं, आणि तिसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा गुंडूच्या उसात. घरात मूल आजारी असलं की ताप उतरतो आणि पुन्हा चढतो, तसं मला बाकावर बसून वाटायचं. मला त्या चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. पण हा माणूस एका चेंडूसाठी असा झुरत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

एकदा अंतरानं त्यांना हातमोजा आणून दिला. डाव्या हातात सगळेच घालतात. बाबासोंनी तो खिशात ठेवला. "घाम येतोय त्यात," म्हणाले. ऐन डिसेंबरात.

त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "काकी, मला कळलं वाटतं. काठी लांब पडतीय काकांना. सम्मेदच्या उंचीला नेहमीची पुरायची नाही, म्हणून मीच त्याला वाढवून आणून दिलेली." त्याचं नाव घेताना ती थोडी अडखळली. सगळेच अडखळतात. मग तिनं बाबासोंना सांगितलं, "काका, चार बोटं खाली धरा बघू."

त्यांनी खाली धरलं. चेंडू सरळ गेला. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. कधी नव्हे ते मीसुद्धा बाकावरून उठून उभी राहिले. असा उंच गेला, असा पुढे जाऊन पडला की मला पहिल्यांदाच वाटलं, बरा खेळ आहे की हा. अंतरानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर चेंडू उसात चालले होते, एकामागून एक. हात पुन्हा वरती, अगदी टोकाला.

"काका, खाली! खाली धरा," अंतरा ओरडत होती. ते खाली धरायचे, चेंडू सरळ जायचा. ती दुसऱ्या कुणाकडे वळली की हात सरकत सरकत वर. पोर शेवटी वैतागली. म्हणाली, "सवय जाईना झालीय तुमची. असं करू या, मी काठीच कापून देतो. दोन इंच वरनं कापायची, मुठीवरची रबराची ग्रिप काढून नवी घालायची. पुन्हा विचारच करायला नको."

बाबासोंनी तिच्या हातातली काठी ओढून घेतली. "हात लावायचा न्हाय," म्हणाले. "सांगून ठेवतोय. कुणी हात लावायचा न्हाय हिला."

तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कामगारांवरसुद्धा न ओरडणारा माणूस. अंतराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला जवळ घेतलं, ताक दिलं, घरी पाठवलं. मग बाकावर बसून नवऱ्याकडे नीट बघायला लागले. तीस वर्षं शाळेत काढली आहेत मी. कुठला मुलगा चुकून चुकतोय आणि कुठला मुद्दाम चुकतोय, हे मला बाकावरून कळतं.

ते चेंडूसमोर उभे राहायचे. काठी हातात घ्यायचे. आणि मारायच्या आधी डावा अंगठा काठीच्या टोकाला वर-खाली फिरवायचे, अंधारात विजेचं बटण चाचपावं तसं. एका जागी तो थांबायचा. तिथे थांबला की त्यांचे खांदे सैल पडायचे, चेहरा निवायचा. मग मारायचे, आणि चेंडू उजवीकडे.

जेवताना मी विचारलं, "अहो, खाली धरलं की सरळ जातो. तुम्हाला कळत नाही का?"

"मला कळत न्हाय व्हय?" ते भाकरी मोडत म्हणाले. "जन्म गेला मापं काढण्यात. पहिल्या दिशीच कळलंय, ही काठी माझ्या मापाची न्हाय. किती सुतानं जास्त हाय ते बी सांगतो."

"मग धरत का नाही खाली?"

त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि काठी माझ्यासमोर आडवी धरली. "इकडं बघ."

मुठीच्या काळ्या रबराला टोकाजवळ एक खळगा पडला होता. बाकी सगळीकडे नक्षी होती, तिथे मात्र रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, एका अंगठ्याएवढं.

"दर रविवारी धरून धरून पडलाय त्येचा," बाबासो म्हणाले. त्यांनी आपला अंगठा त्यात ठेवला. "हितं माझा बसतोय. खाली धरलं की बॉल सरळ जातोय, म्हायत हाय मला. पर तिथं त्येचा अंगठा न्हाय."

मी मान फिरवली. सूर्य उसाच्या शेंड्यांवर आला होता आणि त्यांचं ताक प्यायचं राहिलं होतं. मला रडायचं होतं, पण रडायला आलं नाही, राग आला. मला नेहमी आधी राग येतो.

"असा अंगठा धरून परत येणार आहे का तो?" मी म्हणाले. "वर्ष झालं, उसात चेंडू मारताय. लोक हसतात ते दिसत नाही? त्या पोरीला रडवलंत. तो असता तर त्यानंच कापून दिली असती काठी. म्हणाला असता, पप्पा, वेडे आहात का?"

"म्हणला असता," ते शांतपणे म्हणाले.

"मग सोडा की आता."

डबा मीच आवरला. ताक तसंच राहिलं. मी बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पण त्यानंतर घरात आमचं बोलणं कामापुरतंच उरलं. देवळात जाताना बरोबर जायचो, येताना ते पुढे आणि मी मागे. मैदानावरचा सराव त्यांनी बंद केला. काठी मात्र शॉपमधून घरी आली आणि आमच्या खोलीत दाराच्या मागे उभी राहिली. सकाळी केर काढताना मी तिच्या भोवतीनं झाडू फिरवायची. तिला हात लावला नाही.

वाढदिवसाची सकाळ चांगलीच थंड होती. गुंडूचा ऊस आदल्या आठवड्यात कारखान्याला गेला होता, उजवी बाजू सगळी मोकळी पडली होती. तोही आला होता, धुतलेलं धोतर आणि स्वेटर घालून, हात मागे बांधून उभा. सम्मेदचे मित्र, कुणाकुणाच्या बायका, दोन लहान मुलं. अंतरा लांब उभी होती. बाबासो स्वतः तिच्याकडे गेले आणि काहीतरी बोलले. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा मला हायसं वाटलं.

चहाचं टेबल यंदा पार मागे लावलेलं होतं. ते मी पाहिलं आणि बाबासोंनीही पाहिलं.

"काका, चला," अमरसिंह म्हणाला.

ते चेंडूसमोर उभे राहिले. सगळे गप्प झाले. मला तिथून त्यांचे हात स्पष्ट दिसत होते. हातमोजा घातलेला नव्हता. डावा अंगठा फिरला आणि वर आपल्या जागी जाऊन थांबला. म्हणजे चेंडू उजवीकडे जाणार, पोरं टाळ्या वाजवणार, आणि घरी जाताना गाडीत पुन्हा तेच. मला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे उजवीकडे, यंदा मीच सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवेन.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग खाली बघून हात सरकवला.

अंगठा त्या खळग्यातून निघाला तो मला दिसला. दुसऱ्या कुणाला काही कळलं नसेल, एक म्हातारा काठी नीट धरतोय एवढंच. पण माझ्या तोंडाशी 'नको' आलं होतं. सोडा म्हणून मीच भांडले होते आणि आता मला पळत जाऊन तो हात धरून पुन्हा वर ठेवावासा वाटत होता.

काठी फिरली. चेंडू सरळ गेला. उंच, स्वच्छ, जिथे जायला हवा तिथे जाऊन पडला. पोरांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, गुंडूनं "आरं वा रं पाटील!" म्हणून आरोळी ठोकली. आता त्या टाळ्या खऱ्या होत्या. बाबासोंनी चेंडू कुठे पडला ते बघितलंसुद्धा नाही. ते सरळ माझ्याकडे आले.

"धर," म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली. "सोडला बघ हात त्येचा."

मग खुर्चीवर जाऊन बसले आणि सम्मेद गेल्यापासून पहिल्यांदा चारचौघांत रडले. अंतरा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी जायला हवं होतं, पण माझ्या हातात ती काठी होती.

मी ती पडू नये म्हणून वरून धरली होती. अंगठा आपोआप त्या जागी गेला. माझा अंगठा लहान, त्या खळग्यात सैल पडला, आजूबाजूला जागा उरली. लहानपणी तो माझं बोट धरून शाळेत यायचा तेव्हा त्याची मूठ केवढीशी होती, आणि ही जागा केवढी. थंडीनं गार पडलेलं रबर हळूहळू माझ्या हाताच्या उबेनं कोमट झालं.

"काकी, द्या इकडं, बॅगेत ठेवतो," अमरसिंह म्हणाला.

"थांब जरा," मी म्हणाले.

मॅच सुरू झाली. पोरं बोलत बोलत पुढे निघून गेली. अमरसिंह पुन्हा एकदा विचारून गेला. बाबासोंनीही डोळे पुसून हाक मारली, "त्रिशला, दे की त्याला." मी सगळ्यांचं ऐकत होते, पण मला काही ती काठी सोडवेना.